मनापासून देणे: अर्पण, दशमांश आणि वर्गणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर, नाशिकरोड आणि निफाड-सिन्नरकडच्या मंडळ्यांत अर्पणाविषयीचे प्रश्न सहसा उपासना संपल्यावर दाराशी, हळू आवाजात विचारले जातात. पाळकसाहेबांना उघड विचारायला संकोच वाटतो आणि घरी विचारले तर वाद होतो. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही घरांसाठी आहेत. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

ख्रिस्ती माणसाने दशमांश दिलाच पाहिजे का?

नाही. नव्या करारात ख्रिस्ती माणसाला दहा टक्क्यांची आज्ञा कुठेही दिलेली नाही.

जुन्या करारातला दशमांश जमिनीच्या उत्पन्नाचा आणि गुराढोरांचा होता: धान्य, द्राक्षारस, तेल, कळपातले दर दहावे जनावर (लेवीय २७). तो लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशातल्या लोकांना मिळे, कारण त्यांच्या वाट्याला जमीन आली नव्हती, आणि लेवीही त्या दशमांशाचा दशमांश याजकांना देत (गणना १८). अनुवाद या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात तर वेगळेच दिसते. तिथे कुटुंबाने दशमांश देवासमोर बसून आनंदाने खायचा आहे. वाट लांबची असेल तर माल विकून पैसे न्यायचे आणि तिथे हवे ते विकत घ्यायचे. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश मात्र गावातच ठेवायचा, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. म्हणजे ‘पगाराचे दहा टक्के चर्चच्या खात्यात’ असा एकच सरळ नियम जुन्या करारातही सापडत नाही.

येशूने दशमांशाचा उल्लेख केला तो परूश्यांशी बोलताना. पुदिना, शोप आणि जिऱ्याचाही दशमांश मोजून देता, पण न्याय, दया आणि विश्वास सोडून देता, असे तो म्हणाला (मत्तय २३:२३). पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्रात दोन पूर्ण अध्याय देण्यावर लिहिले, त्यात दहाचा आकडा एकदाही नाही. उलट ‘हे मी आज्ञा म्हणून सांगत नाही’ असे त्याने ८:८ मध्ये स्पष्ट केले आणि ९:७ मध्ये प्रत्येकाने आपल्या मनात ठरवावे तसे द्यावे, कुढत किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, असे सांगितले.

सक्तीचा दशमांश नंतर आला. ५८५ साली फ्रान्समधल्या मॅकॉनच्या धर्मसभेने न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली, ७७९ मध्ये शार्लमेनने त्याला राज्याच्या कायद्याचे बळ दिले. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी रोख रक्कम आली आणि १९३६ च्या कायद्याने ही वसुली टप्प्याटप्प्याने संपवण्याचे ठरले. सत्तेच्या जोरावर गोळा झालेल्या त्या पैशाने लोकांच्या मनात चर्चविषयी किती कडवटपणा साठला, हे त्या देशांचा इतिहास वाचताना जागोजागी दिसते.

दहा टक्के देणारी पुष्कळ कुटुंबे आपल्याकडे आहेत. ती आनंदाने देत असतील तर फारच चांगले. अब्राहामानेही मलकीसदेकाला दहावा भाग दिला, तेव्हा नियमशास्त्र अजून आलेच नव्हते. दहा टक्के हे चांगले माप आहे, फक्त त्याचा कर करू नये.

मग मलाखीचे काय? दशमांश न देणारा देवाला लुटतो आणि त्याला शाप लागतो, असे सभेत सांगतात.

मलाखी ३:८-१० हे वचन अर्पणाच्या थैलीआधी जितके वाचले जाते, तितका त्याच्या आधीचा ३:५ वाचला जात नाही. त्यात मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर, विधवा आणि अनाथांना पिडणाऱ्यांवर देव साक्षी होऊन येतो. साधारण त्याच काळातल्या नहेम्याच्या १३ व्या अध्यायात कळते की लेव्यांचा वाटा न मिळाल्याने ते मंदिर सोडून पोटासाठी शेतात गेले होते. म्हणजे ज्यांच्या हक्काचे अन्न भांडारात यायचे, ते उपाशी होते. हा राग त्यासाठी आहे.

ख्रिस्ती माणसासाठी शापाचा प्रश्न गलतीकरांस ३:१३ मध्ये मिटला आहे: ख्रिस्ताने आपल्याला नियमशास्त्राच्या शापातून सोडवले. तेव्हा ‘मुलगा आजारी पडला कारण मागच्या महिन्यात दशमांश चुकला’ असे कोणी म्हणाले तर ते मनाला लावून घेऊ नका. आणि ‘दहा हजार द्या, आकाशकपाटे उघडतील, लाख परत येतील’ हेही तितकेच चुकीचे आहे. भीती आणि हाव, दोन्हींत मन मोकळे राहत नाही. आजारपणाच्या किंवा नोकरी गेल्याच्या आठवड्यात असे बोलून पैसे घेणे, हे आमच्या मते देवाच्या नावाने केलेले शोषण आहे.

‘मनात ठरवून’ द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे?

थैली समोर आल्यावर खिशात जे हाताला लागेल ते टाकणे म्हणजे मनापासून देणे, असा एक समज आहे. पौल उलट सांगतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आपल्या मिळकतीच्या मानाने, आपल्या घरी बाजूला काढून ठेवा (१ करिंथ १६:२). ठरवणे घरी होते, चर्चमध्ये फक्त पोचवणे होते.

एक पद्धत अशी. पगार झाल्यावर त्याच दिवशी, किराणा आणि हप्ते जाण्याआधी, पती-पत्नी दोघांनी बसावे. मागच्या महिन्यात कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात ते एकमेकांना सांगावे आणि छोटी प्रार्थना करावी. मग तीन गोष्टींसाठी रक्कम ठरवावी: मंडळीसाठी, ओळखीतल्या गरजूसाठी, आणि अचानक येणाऱ्या गरजेसाठी. तिसरा वाटा महत्त्वाचा आहे. तो नसेल तर शेजारच्या घरात ऑपरेशन निघाले की आपण मंडळीचे पैसे तिकडे वळवतो किंवा नाइलाजाने नाही म्हणतो. ठरलेली रक्कम लगेच वेगळ्या पाकिटात ठेवावी. ऑनलाइन देत असाल तर त्याच दिवशी पाठवून टाकावी. महिनाअखेर ‘उरले तर देऊ’ असे ठेवले की सहसा उरत नाही.

ठरलेली रक्कम दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहावी. पगार वाढला, घरभाडे वाढले, मुलाची फी आली, की आकडा बदलायला हवा. वर्षानुवर्षे तेच पन्नास रुपये जात राहिले तर त्यात ठरवणे उरलेले नसते, ती फक्त सवय होते.

अंबडच्या कंपनीत कंत्राटी कामगार आहे. हातात चौदा हजार येतात. मी काय द्यायचे?

२ करिंथ ८:१२ तुमच्यासाठीच आहे: जवळ जे असेल त्यामानाने दिलेले मान्य होते, जे नाही त्याच्या मानाने नाही.

समजा चौदा हजारांतून भाडे साडेचार हजार, किराणा आणि गॅस पाच हजार, शाळा आणि रिक्षा दोन हजार, गावी आईला दीड हजार. उरतात एक हजार, आणि त्यात आजारपण, पाहुणे, मोबाईल रिचार्ज सगळे आले. या घराला ‘चौदाशे द्या’ म्हणणे म्हणजे किराण्यातून किंवा आईच्या औषधातून काढा म्हणण्यासारखे आहे. आठवड्याला वीस रुपये ठरवा आणि ते आनंदाने द्या. ओव्हरटाइम मिळाला तर त्या महिन्यात थोडे जास्त. काम सुटले तर ते महिने काहीच देऊ नका, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागू नका. त्या काळात मंडळीने तुमच्या घरी धान्य पोचवावे, हा तिचा धर्म आहे.

आमची द्राक्षबाग आहे. पैसा वर्षातून एकदाच येतो आणि कधी येतही नाही. दर रविवारचा हिशोब कसा बसवायचा?

बसवू नका. आठवड्याची पद्धत रोजंदारी आणि पगारदाराला सोपी पडते. बागायतदाराने हंगामाचा हिशोब करावा.

विक्रीच्या एकूण रकमेवर ठरवू नका, नक्त उत्पन्नावर ठरवा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, औषधे, खते, मजुरी, डिपिंग, पाणी-वीज आणि सोसायटीच्या कर्जाचे व्याज हे सगळे आधी वजा करा. समजा पाच लाखांचा माल गेला आणि तीन लाख वीस हजार खर्च झाला, तर उरले एक लाख ऐंशी हजार, आणि त्यावर घर बारा महिने चालायचे आहे. म्हणजे महिन्याला पंधरा हजार. या पंधरा हजारांच्या संसाराला जे शोभेल ते तुमचे माप.

दुसरी गोष्ट, व्यापाऱ्याकडून पूर्ण पैसे हातात पडेपर्यंत रक्कम जाहीर करू नका. माल उचलून पैसे न देता व्यापारी पसार झाल्याचे प्रकार या पट्ट्यात होतात, आणि आधी बोललेल्या अर्पणासाठी कर्ज काढण्याची पाळी येते. गारपिटीने बाग गेली तर त्या वर्षी तुम्ही घेणाऱ्यांच्या बाजूला आहात. २ करिंथ ८:१४ मध्ये हेच आहे: आज तुमच्या विपुलतेतून त्यांची गरज भागावी, उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची.

पैशाऐवजी मालच दिला तरी चालतो. पेटीभर द्राक्षे, पायलीभर बाजरी, कांद्याची गोणी. फक्त विकला न जाणारा, डागी माल तेवढा चर्चला असे करू नये.

कापणीच्या सणाचा लिलाव योग्य आहे का?

लिलावात आनंद असतो. भोपळा, अंडी, कोंबडा, कोणीतरी घरून करून आणलेला केक. दीडशेचा कोंबडा हसतखेळत बाराशेला जातो आणि घेणारा तो कोंबडा परत लिलावात देतो. हे सगळे मोकळ्या मनाने चालते तोवर छान आहे.

बिघडते कधी, तर लिलाव पुकारणारा माणूस नाव घेऊन पुकारू लागतो तेव्हा. ‘काय राव, मुलगा बँकेत आणि पाचशेवर थांबलात?’ एवढे वाक्य पुरते. समोरचा हजार बोलतो, आणि घरी जाताना नवरा-बायकोत बोलणे होत नाही. म्हणून पुकारणाऱ्याला आधीच तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात. कोणाचे नाव घेऊन आग्रह करायचा नाही. एकाने ‘बस’ म्हटले की पुन्हा त्याच्याकडे वळायचे नाही. आणि काही वस्तू वीस-तीस रुपयांच्या ठरलेल्या दराने वेगळ्या टेबलावर ठेवायच्या, म्हणजे कमी पैसेवाल्यालाही घरी काही नेता येते. बोली लावून उधार ठेवण्याची पद्धत तर बंदच करावी. पुढे सहा महिने ती उधारी वसूल करत फिरणे खजिनदाराला आणि देणाऱ्याला, दोघांनाही लाजिरवाणे होते.

वर्गणीदारांची नावे आणि रकमा वाचून दाखवतात किंवा फलकावर लावतात. त्याने देणे वाढते ना?

काही काळ वाढते. पण ज्याने वीस रुपये दिले त्याचे नाव सगळ्यांत खाली येते, आणि ज्याला काहीच जमले नाही तो उपासनेला येणेच टाळू लागतो. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये (मत्तय ६:३), हे वचन भिंतीवर आणि त्याच्याच शेजारी रकमांची यादी, असे चित्र आपल्या मंडळ्यांत दिसते. ते बदलायला फार काही लागत नाही. फलकावर एकूण जमा आणि एकूण खर्च लावा. ज्यांना पावती हवी त्यांची नोंद खजिनदाराच्या वहीत राहील, ती पाळकांनाही दाखवण्याची गरज नाही.

थैली उघड्या तबकापेक्षा बरी, आणि दाराजवळची बंद पेटी त्याहून बरी. येरुशलेमच्या मंदिरात कर्ण्याच्या आकाराच्या तोंडाच्या तेरा पेट्या होत्या असे यहुदी परंपरा सांगते. पण धातूची नाणी त्यात टाकली की आवाज होत असावा आणि कोण किती टाकतो ते कळत असावे. नोटांच्या बंद पेटीत तेही कळत नाही.

विधवेने दोन टोल्या (अगदी लहान नाणी) टाकल्या, म्हणजे गरिबानेही सगळे द्यावे असे येशूने शिकवले का?

येशूने तिचे कौतुक केले, तिच्याकडे मागितले नाही. मार्क १२:४० वाचा, गोष्टीच्या अगदी आधीचे वचन. विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी तो बोलत आहे. आणि लगेच पुढच्या अध्यायात या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असे सांगतो. तिचे हृदय मोठे होते, आणि जी व्यवस्था तिच्याकडून शेवटची दमडी घेत होती तिच्यावर येशूची नजर कडक होती. दोन्ही एकदम खरे आहे. निराधार पेन्शनवर जगणाऱ्या आजीने पाकीट पुढे केले तर ते आदराने घ्यावे, आणि त्याच आठवड्यात तिच्या घरात औषध आहे का ते बघून यावे.

आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च आहे. आधी चर्चला द्यायचे की घरी?

घरी. मार्क ७ मध्ये येशूने ‘कुर्बान’ची पद्धत फटकारली: जे आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले असे म्हणून मोकळे होणे. १ तीमथ्य ५:८ त्याहून कडक आहे. आईच्या डायलिसिसचा खर्च हे तुमचे अर्पणच आहे, मनात अपराधी वाटून घेऊ नका.

कर्जाचे हप्ते चालू आहेत. तोवर देणे थांबवावे का?

घराचा हप्ता नियमित जात असेल तर थांबवायची गरज नाही. हप्ता वजा करून उरते त्यावर ठरवा. पण हप्ते थकले असतील, दुकानदाराची उधारी असेल, कामवालीचा पगार राहिला असेल, तर आधी ते द्या. दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे ठेवून त्यातून अर्पण करता येत नाही. अर्पण देण्यासाठी क्रेडिट कार्ड किंवा मायक्रोफायनान्सचे कर्ज कधीही वापरू नका.

घरचे विश्वासात नाहीत. घरखर्चातले वाचवून नवऱ्याला न सांगता देऊ का?

हा प्रश्न बहुतेक वेळा स्त्रिया विचारतात. आमचे उत्तर: तुमच्या स्वतःच्या कमाईतून द्या, शिवणकाम असो की शिकवणी. घरखर्चाच्या पैशातून लपवून देऊ नका. एक ना एक दिवस ते कळते, आणि मग नवऱ्याच्या लेखी चर्च म्हणजे घरातला पैसा पळवणारी जागा होते. स्वतःची कमाई नसेल तर मिझोरामच्या ख्रिस्ती स्त्रियांची पद्धत पाहा. तिथे १९१० पासून स्वयंपाकाला तांदूळ काढताना प्रत्येक वेळी एक मूठ बाजूला ठेवतात आणि तो तांदूळ गोळा करून मंडळीच्या कामाला जातो. आपल्याकडेही मुठीचे धान्य ठेवता येते, आणि ते शेजारच्या उपाशी घरात गेले तर सासूबाईंचीही हरकत नसते.

द्यायचे मनच होत नाही. मग मन होईपर्यंत थांबावे?

आधी कारण शोधा. मंडळीतल्या कोणाशी भांडण असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा. पैशाची भीती असेल, ‘उद्या कमी पडले तर’, तर अगदी छोट्या रकमेने सुरू करा, कारण देण्याची सवय लागल्यावर भीती कमी होते. हिशोबावर विश्वास नसेल तर तो प्रश्न वेगळा आहे, खाली पाहा. नुसता आळस असेल तर मात्र मनाची वाट पाहू नका.

कोणीही दबाव आणला नाही तरी देणार का, आणि कोणालाही कळले नाही तरी देणार का, हे स्वतःला विचारा. दोन्हींचे उत्तर हो आले की द्या. हनन्या आणि सप्पीरा या जोडप्यातल्या हनन्याला पेत्र काय म्हणाला ते आठवा (कृत्ये ५:४): जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. कमी दिल्याबद्दल त्यांच्यावर दोष नव्हता. सगळे दिले असे भासवल्याबद्दल होता.

बाळ येशूला नवस बोलला होता. फेडता आला नाही तर?

फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशू यात्रेला सगळ्या धर्मांचे लोक नवस घेऊन येतात, त्यामुळे हा प्रश्न सतत येतो. नवस बोललाच पाहिजे असे बायबल कुठेही म्हणत नाही. अनुवाद २३:२२ मध्ये स्पष्ट आहे की नवस न बोलण्यात पाप नाही. बोलला असेल तर मात्र फेडावा. परिस्थिती बदलून ते अशक्य झाले असेल तर कॅथलिक व्यक्तीने आपल्या धर्मग्रामाच्या फादरना भेटावे. खासगी नवसातून सूट देण्याचा किंवा तो बदलून देण्याचा अधिकार चर्चच्या कायद्याने त्यांना दिलेला आहे. भीतीने सोने गहाण ठेवू नका. पुढच्या वेळी ‘हे दिलेस तर मी हे देईन’ अशा अटीऐवजी, मागणे मोकळे मागावे आणि आभार मानायचे ते वेगळे मानावे.

वर्गणी थकली म्हणून बाप्तिस्मा, लग्न किंवा दफन अडवता येते का?

अडवू नये. कॅथलिक चर्चच्या कायद्याचा ८४८ वा नियम सांगतो की ठरलेल्या अर्पणाहून जास्त काही मागायचे नाही आणि गरिबीमुळे कोणी संस्कारांना मुकणार नाही याची काळजी घ्यायची. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पास्टोरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) निवडणुकीत मतदानासाठी वर्गणी चालू असण्याची अट पुष्कळ ठिकाणी असते. ती संस्थेच्या सभासदत्वाची बाब आहे. प्रेत घरात असताना मागच्या तीन वर्षांची बाकी काढणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि असे झाल्यास जिल्ह्याच्या किंवा धर्मप्रांताच्या वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी. खड्डा खणणाऱ्याची मजुरी, फुले, वीज हा प्रत्यक्ष खर्च असतो, तो मागण्यात गैर नाही. पण त्याचा दर आधीच फलकावर असावा.

सगळ्यांनी स्वेच्छेनेच दिले तर पाळकांचा पगार कसा निघणार?

रास्त काळजी आहे. सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका त्यातून व्हावी (१ करिंथ ९:१४), आणि ती मंडळीची जबाबदारी आहे. नाशिकच्या शरणपूरसारखी ख्रिस्ती वसाहत एकोणिसाव्या शतकात मिशनच्या पैशावर उभी राहिली. तो पैसा इंग्लंडमधल्या साध्या लोकांच्या वर्गण्यांतून येत असे, हे आपण विसरतो. ‘मिशन बघेल’ ही सवय मात्र मिशन गेल्यावरही राहिली.

उपाय असा की गरज आकड्यात मांडावी. वर्षाच्या सुरुवातीला एका पानावर लिहा: पाळकांचे मानधन, वीज, दुरुस्ती, संडे स्कूल, गरिबांना मदत, एकूण किती, आणि मागच्या वर्षी किती जमले. मग प्रत्येक घराला बिननावाची चिठ्ठी द्या, त्यावर ‘यंदा महिन्याला साधारण इतके देऊ’ एवढेच लिहायचे. बेरीज करून फलकावर लावा. कमी पडत असेल तर खर्च कमी करा किंवा पुन्हा एकदा, एकदाच, सांगा. देवाचा निवासमंडप उभारताना लोकांनी इतके आणले की मोशेला ‘आता पुरे’ असा पुकारा करावा लागला (निर्गम ३६:६). काम पुरे झाल्यावर मागणे थांबवणाऱ्या मंडळीवर लोकांचा विश्वास बसतो.

हिशोब नीट नाही असे वाटते. देणे बंद करावे का?

आधी विचारा. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली हिशोब ठेवून त्याचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जाते. नाशिकमध्ये ते कार्यालय आहे. वार्षिक सभेत लेखापरीक्षित ताळेबंद मागणे म्हणजे पाळकांचा अपमान नव्हे. पौलाने स्वतः गोळा केलेला निधी एकट्याने नेला नाही. कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी नेमलेली माणसे सोबत घेतली (२ करिंथ ८:१९-२१).

पैसे मोजण्याची पद्धत पाहिली तरी बरेच कळते. उपासना संपल्यावर लगेच, त्याच जागी, एकमेकांचे नातलग नसलेल्या दोघांनी मोजायचे. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, सुटे किती, असे चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करायची, आणि सोमवारी तीच रक्कम बँकेत. आधी त्यातून फुलांचे, चहाचे पैसे काढून उरलेले भरणे ही सगळ्यांत नेहमीची चूक. रक्कम छोटी असते, पण चिठ्ठी आणि पासबुक जुळत नाही आणि संशय तिथूनच सुरू होतो.

विचारूनही उत्तर मिळत नसेल तर तुमचे अर्पण थांबवू नका, वळवा. रुग्णाच्या बिलाला, शाळेच्या फीला, थेट द्या, आणि कमिटीला तसे सांगा.

क्यूआर कोडवर पाठवताना काय बघावे?

पिन टाकण्याआधी स्क्रीनवर येणारे नाव वाचा. ते न्यासाचे किंवा चर्चचे असावे. पाळकांचे किंवा खजिनदाराचे वैयक्तिक नाव आले तर थांबा आणि विचारा. दाराबाहेर चिकटवलेल्या कोडवर दुसरा कोड डकवून ठेवता येतो, म्हणून तो आत काचेखाली असलेला बरा. व्हॉट्सअॅपवर ‘पाळकांचा मुलगा अॅडमिट, तातडीने पाठवा’ असा संदेश आला तर आधी फोन करा.

कर सवलत मिळते का?

केवळ उपासनेसाठी असलेल्या, एकाच धर्मसमाजाच्या संस्थेला दिलेल्या देणगीवर सहसा ८०जी (आयकरातली देणगीवरची सवलत) मिळत नाही. चर्चशी संबंधित दवाखाना, शाळा किंवा सेवाभावी न्यास ८०जीखाली नोंदलेला असेल तर मिळते, पण रोख दोन हजारांच्या वरची रक्कम धरत नाहीत, आणि नवी करपद्धत निवडली असेल तर ही सवलत नाही. संस्थेकडून देणगीचे प्रमाणपत्र (जुन्या कायद्यात १०बीई) घ्यावे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा भरताना सीएंना विचारा.

मुलगा परदेशात आहे, त्याला मंडळीला पैसे पाठवायचे आहेत.

त्याचे नागरिकत्व कोणते ते महत्त्वाचे. दुबईत नोकरी करणारा भारतीय पासपोर्टवाला आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देणगी देऊ शकतो. ती परकीय निधीत मोडत नाही. पण त्याने अमेरिकेचे किंवा दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय कार्ड असले तरीही, त्याची देणगी परकीय निधी ठरते. मग संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. ‘आईच्या खात्यात पाठवतो, ती चर्चला देईल’ हा मार्ग चालत नाही, कारण मध्ये कोणी असले तरी कायदा ती रक्कम परकीयच मानतो. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत फिरवणेही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाले. चूक देणाऱ्याची असली तरी अडचणीत मंडळी येते.

मुलांना देण्याची सवय कशी लावावी?

थैली येताना त्यांच्या हातात दहाची नोट कोंबू नका. तसे केले तर मूल फक्त पोस्टमनचे काम करते. खाऊच्या पैशातून किती द्यायचे ते त्यांनाच ठरवू द्या, आणि एखाद्या रविवारी ‘आज नाही द्यायचे’ म्हणाले तर तेही चालू द्या. वर्षातून एकदा त्यांच्या पैशाने काय झाले ते डोळ्यांनी दाखवा: वसतिगृहातल्या मुलाला घेतलेली वही, दुरुस्त झालेला पंखा.